अठरा पोती मीठ

माझ्या धाकट्या बहिणीच्या तलावातलं पाणी मऊ आहे, असं आई म्हणाली तेव्हा मी तिच्यासाठी संत्रं सोलत होते. मी सोलतच राहिले. पाणी मऊ म्हणजे काय, तो काय कापूस आहे का, असं ओठांवर आलं होतं, पण आईचा चेहरा इतका खुललेला होता की मी गप्प बसले. मग तिनं आणखी सांगितलं. केस राठ होत नाहीत. अंगाला खाज सुटत नाही. डोळे चुरचुरत नाहीत. आणि वास तर अजिबात नाही. प्रत्येक वाक्याला मी एक फोड तिच्या हातावर ठेवत होते आणि ती खात होती. आपण समोरच्या पोरीच्याच पाण्याची उणीदुणी काढतोय, हे तिच्या गावीही नव्हतं.

शाळेचा छोटा तलाव माझ्याकडे आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, पाणी पन्नास हजार लिटर. मुलांना पोहायला शिकवायचं, गाळणी धुवायची, क्लोरीन घालायचं, फरशा घासायच्या, सगळं मीच करते. मुलं मला शिट्टीबाई म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण पाण्यावर आवाज फार लांब जातो. माझ्याआधी हे काम बाबा करायचे. कडेच्या भिंतींवर खोलीचे आकडे त्यांनीच निळ्या रंगानं लिहिलेत. खोल बाजूला १.२ लिहिलंय, त्यातल्या दोनाची शेपटी वाजवीपेक्षा लांब आहे. बाबांचं अक्षरच तसं होतं.

पाणी चाखायला मला बाबांनीच शिकवलं. सकाळी पायरीवर बसायचं, वरच्या पाण्यात बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. क्लोरीन जास्त झालं असेल तर जिभेच्या कडा आक्रसतात. कमी पडलं असेल तर पाणी शिळं लागतं, रात्रभर उघड्या राहिलेल्या भांड्यातल्यासारखं. त्यानंतर मीटरनं मोजायचं. मीटर खोटं बोलत नाही पण उशिरा बोलतो, असं बाबांचं म्हणणं. धाकटीला याची किळस यायची. इतक्या पोरांनी अंग धुतलेलं पाणी तोंडात काय घालायचं, असं म्हणून ती लांब उभी राहायची. म्हणून ही विद्या मला मिळाली, तिला नाही. बाबा गेल्यावर माझ्या वाट्याला आलेली खरी इस्टेट म्हणजे ही जीभ.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर दोनच महिन्यांत आईचे गुडघे धरले आणि डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं. मग रोज दुपारी तीनला, मुलांची शेवटची तुकडी बाहेर पडली की आई माझ्याकडे यायची. ती पाण्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, मी काठानं तिच्याबरोबर चालायचे आणि फेऱ्या मोजायचे. वीस फेऱ्या व्हायच्या. खोल टोकाला गेली की ती भिंतीकडे तोंड करून जरा थांबायची, ओंजळीनं चेहऱ्यावर पाणी मारायची, पुन्हा मारायची, मग वळायची. मी तिला दम घेऊ द्यायचे. शाळेत इतकी मुलं, घरी माझा संसार, पण दिवसातला तो पाऊण तास मात्र माझा एकटीचा होता. मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मी त्या पाऊण तासासाठीच नोकरी करत होते म्हटलं तरी चालेल.

एकच गोष्ट मला लागायची. पाण्यातून बाहेर आली की आईचे डोळे लाल व्हायचे. मुलांचे एवढे व्हायचे नाहीत. वय झालं, डोळे नाजूक झाले, असं मी स्वतःला समजवायचे. गार पाण्याची घडी तिच्या डोळ्यांवर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी क्लोरीन मापापेक्षा चिमूटभर कमी घालायचे. तरी डोळे लालच. मग एकदा धाकटीनं ते पाहिलं आणि तिला आयतंच सापडलं. ताई, किती क्लोरीन ओततेस गं, आईच्या डोळ्यांचं काय करून ठेवलंयस, असं चारचौघांत म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटी एका उपचार केंद्राच्या तलावावर आहे. तिथे गुडघे, कंबर, खांदे धरलेली माणसं येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तलाव मिठाचा केला. तेव्हापासून ती आईला बोलावत होती आणि आई या ना त्या कारणानं टाळत होती. मी मनातून खूश असायचे. यंदा मात्र आई गेली. एकदा गेली, मग आठवड्यातून दोनदा, आणि मग मला सांगून टाकलं की आता तिकडेच जाईन म्हणते, तुझ्यामागे शाळेचा एवढा व्याप असतो. माझ्या व्यापाची काळजी तिला चार वर्षांनी आठवली.

माणूस दुसऱ्याला पाण्यात पाहतं म्हणतात. मी तर दिवसाचे आठ तास पाण्याकडेच बघत बसते, त्यामुळे धाकटी मला सदासर्वकाळ दिसायची. गाळणी धुताना दिसायची. आईचा हात धरून तिला पायऱ्या उतरवताना दिसायची. माझा जळफळाट होत होता आणि तो मी लपवतही नव्हते. दुपारी तीन वाजले की माझी शिट्टी उगीचच कर्कश वाजायची.

शेवटी मी स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. गुरुवारी अर्धी रजा टाकून धाकटीकडे गेले. ती हरखून गेली. मला टॉवेल दिला, चपला दिल्या, आणि यंत्र दाखवायला घेऊन गेली. पाण्यात मीठ टाकलेलं असतं, लिटरला तीन ग्रॅम. ते पाणी यंत्रातून जातं, तिथे विजेनं त्या मिठातूनच थोडं थोडं क्लोरीन तयार होतं आणि पाण्यात मिसळत राहतं. म्हणजे शेवटी क्लोरीनच ना, मी म्हटलं. हो, पण एकदम ओतलेलं नाही, ती म्हणाली. मी आजूबाजूच्या चार बायकांनाही हेच सांगून पाहिलं की बायांनो, यातही क्लोरीन आहे. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पाणी किती छान म्हणून बोलायला लागल्या.

मग मी पाण्यात उतरले. खोटं कशाला सांगू, पाणी मऊ होतं. हात फिरवला की बोटांमधून सुळकन निसटायचं, साबण धुतल्यावरही थोडासा राहावा तसं. मी डोकं बुडवून डोळे उघडले. काही झालं नाही. आजवर पाण्याखाली इतक्या निवांतपणे मी कधी डोळे उघडे ठेवले नव्हते. मग कोणी बघत नाहीसं पाहून घोट तोंडात घेतला. आधी वाटलं चव नाहीच. मग जिभेच्या मागे अगदी पुसट काहीतरी आलं. आजाऱ्याला मीठ-साखरेचं पाणी देतात, त्यातली साखर काढून घेतली तर लागेल तसं. मी तो घोट थुंकला आणि मला रडूच कोसळायचं बाकी राहिलं, कारण पाणी खरंच चांगलं होतं.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. डोळ्यांमुळे आई गेली, तर डोळ्यांना न झोंबणारं पाणी मीही करीन. यंत्र मला परवडणारं नव्हतं आणि शाळेनं दिलंही नसतं, पण क्लोरीन माझं मी घालतेच. मऊपणा मिठाचा होता. मीठ तर दुकानात मिळतं.

पन्नास हजार लिटरला तीन ग्रॅमच्या हिशेबानं पंचवीस किलोची सहा पोती झाली. पण घाऊक दुकानदार वीस पोत्यांखाली गाडी पाठवत नाही. एवढं मीठ कशाला, हत्ती मुरवायचाय का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो, पिल्लासकट. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर गाडी आली आणि गडी कपडे बदलायच्या खोलीबाहेर वीस पोती रचून गेला.

मी एकटीनं सहा पोती ओतली. खांदे भरून आले. खडे मीठ होतं, पाण्यात जाताना सळसळ आवाज करत तळाला जाऊन बसलं. लांब दांड्याच्या ब्रशनं थोडं ढवळलं. पंप बंद ठेवला होता, कारण पंपाचा आवाज ऐकला की पहारेकरी गप्पा मारायला येतो आणि हे माझं एकटीचं काम होतं. तासाभरानं बाबांसारखी पायरीवर बसले, वरच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. काहीच नाही. अळणी. ओंजळ घेऊन हातांना चोळली. मऊबिऊ काही नाही, माझं तेच जुनं पाणी.

मीटर खोलीत होता, पण त्याला मीठ कळत नाही. आणि कळत असतं तरी मी माझ्या जिभेवरच विश्वास ठेवला असता. मी आणखी सहा पोती ओतली. पुन्हा थांबले, पुन्हा चाखलं. जरासा भास झाला, पण धाकटीच्या पाण्याइतकाही नाही. तेव्हा मला राग आला. मीठसुद्धा तिलाच फितूर आहे, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. उन्हं उतरायच्या आत मी आणखी सहा पोती ओतली. उरलेली दोन उचलायचं अंगात त्राण नव्हतं म्हणून राहिली.

क्लोरीन वरूनही कळतं. मीठ मात्र तळाशी बसून राहतं, ते पंपानं फिरवावं लागतं. हे धाकटीच्या यंत्राच्या पुस्तकात पहिल्याच पानावर असणार. मला कोणी पुस्तक दिलं नव्हतं. मला बाबांनी वरचं पाणी चाखायला शिकवलं होतं आणि मी वरचं पाणी चाखलं.

रविवारी पहाटेच पंप लावला आणि आईला फोन करून म्हटलं, आज माझ्याकडे ये, तुझ्यासाठी एक गंमत आहे. चाखायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी मुद्दामच चाखलं नाही. पहिली चव आईनं घ्यावी, असं मला वाटत होतं. दहा वाजता आई आली. बरोबर धाकटीही आली, स्कूटर लावून, हातात आईची पिशवी घेऊन. मी तिला बोलावलं नव्हतं.

दारातच मिठाची दोन पोती पाहून धाकटी थबकली. तिनं पोत्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि वाकून बोट बुडवलं. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, ते बोट जिभेला लावलं. तिचे डोळे मोठे झाले. ताई, यंत्र नाही, काही नाही, किती ओतलंस, असं तिनं विचारलं. मी आकडा सांगितला. तिनं मनात हिशेब केला. तिप्पट, ती म्हणाली. लिटरला नऊ ग्रॅम. ही लोखंडी शिडी गंजेल, पंपाची वाट लागेल, पाणी सोडून द्यावं लागेल. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. केंद्रातून मिठाचा मीटर आणते, नक्की किती आहे ते तरी कळेल, असं म्हणून ती स्कूटर काढून गेली.

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं. आई मात्र तोवर कपडे बदलून आली होती. आता उतरू नकोस, पाणी खारट झालंय, मी म्हटलं. खारट पाण्यानं काय मरतेय का मी, असं म्हणत ती कठडा धरून उतरली सुद्धा. मी सवयीनं काठानं चालायला लागले. ती खोल टोकाला गेली, भिंतीकडे तोंड करून थांबली, ओंजळीनं चेहऱ्यावर पाणी मारलं. मग ओठांवरून जीभ फिरवली. आणि तिथंच थांबून राहिली, इतका वेळ की मी घाबरून कपड्यांसकट शिडीवर दोन पायऱ्या उतरले.

"काय झालं? झोंबलं का?"

"नाही गं," आई म्हणाली. "चव ओळखीची आहे."

मी तिला बाहेर काढलं. टॉवेल गुंडाळून ती मिठाच्या एका पोत्यावर बसली, मी दुसऱ्यावर. तिचे डोळे स्वच्छ होते. मी ते बघत होते हे तिनं पाहिलं.

"तुला काय वाटलं, तुझ्या पाण्यानं माझे डोळे लाल व्हायचे?" तिनं विचारलं. "मी रडायचे गं तिथं. रोज."

ती त्या निळ्या आकड्याकडे बघत सांगायला लागली. घरी सुनेसमोर रडता येत नाही, तुझा भाऊ लगेच डॉक्टरला फोन लावतो, शेजारणी समजूत घालायला धावतात. इथं भिंतीकडे तोंड केलं की समोर त्यांचं अक्षर. चेहरा तर ओलाच असायचा. बाहेर आल्यावर डोळे लाल दिसले तर पाण्याचा दोष. कुणी विचारायचं नाही, आणि तू तर बिचारी घडी घेऊन धावायचीस. धाकटीकडे ती दोन वर्षं गेली नाही ती म्हणूनच. तिकडच्या पाण्यात कुणाचेच डोळे लाल होत नाहीत. तिचे झाले असते तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता येत नाही रडू. एवढं येत नाही," ती म्हणाली. "मग म्हटलं, जाऊ तिकडं. त्या बायका गमतीच्या आहेत."

मला काय वाटलं ते सांगते. आधी मी विरघळले. चार वर्षं ती माझ्यापाशी रडली होती, फक्त माझ्यापाशी, आणि मी काठावर उभी राहून फेऱ्या मोजत होते. आणि लगेच, त्याच श्वासात, पुन्हा पोटात दुखलं. म्हणजे रडायला मी आणि हसायला धाकटी. बाबांच्या जाण्याचं सगळं माझ्या पाण्यात, आणि आता बरं वाटल्यावरचं सगळं तिच्या. आईवर रागावता येत नव्हतं. मी तिच्या पाठीवर टॉवेल नीट केला आणि केस पुसून दिले. केस राठ झाले नव्हते.

धाकटी मीटर घेऊन आली. आकडा तिनं म्हटल्याप्रमाणेच निघाला. मग आम्ही दोघींनी मिळून तळाची झडप उघडली, आणि आई बाकावर उन्हात डोळे मिटून बसली. पाणी हळूहळू उतरत होतं. मुख्याध्यापिकांना फोन करून मी सोमवारच्या तुकड्या रद्द करायला सांगितल्या, बोलणी खाल्ली. शिडी गंजू नये म्हणून धाकटी गोड्या पाण्याची नळी घेऊन तिच्यावर पाणी मारत राहिली. सांगावं लागलं नाही. काम ती चोख करते, लहानपणापासून.

पाणी गुडघ्याएवढं राहिलं तेव्हा ती येऊन माझ्याशेजारच्या पोत्यावर बसली. बराच वेळ तिनं नळीचं टोक बोटांत फिरवलं.

"ताई, एक विचारू? दोन वर्षं मी आईच्या मागे लागले होते. तुझ्या पाण्यानं तिचे डोळे सुजायचे, तरी ती तुझ्याकडेच यायची. मी रात्र रात्र विचार करायचे, ताईपाशी असं काय आहे, जे माझ्यापाशी नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आता येते माझ्याकडे, पण बोलत काहीच नाही गं. पाणी छान आहे म्हणते. रोज तेच. बाबांचं तर नावही काढत नाही. तुझ्याशी काय बोलायची ती?"

मी तिच्याकडे पाहिलं. चारचौघांत मला क्लोरीनवरून बोलणारी ही, मीटरवाली, यंत्रवाली, तिचा आवाज लहानपणी बाबा मला एकटीला तलावावर न्यायचे तेव्हा व्हायचा तसा झाला होता. म्हणजे ती मला पाण्यात पाहत होती आणि मी तिला. एका वाक्यात तिचं समाधान झालं असतं. समोरच्या भिंतीवर, पाणी उतरल्यामुळे आता खालपर्यंत उघड्या पडलेल्या त्या भिंतीवर, बाबांचा निळा दोन लांब शेपटी घेऊन उभा होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

"काही नाही गं," मी म्हटलं. "माझा तलाव तिला घरापासून जवळ पडायचा."

तिनं मान हलवली. विश्वास बसला की नाही, कोण जाणे. मग ती उठली, आईला हाताला धरून उठवलं, पिशवी घेतली, आणि दोघी स्कूटरवर बसून गेल्या. मी रिकाम्या तलावात उतरले आणि भिंती घासायला घेतल्या. मिठाचा पांढरा थर सगळीकडे बसला होता. १.२ च्या आसपासचा मी शेवटी घासला, हलक्या हातानं, रंग जाऊ नये म्हणून.